चीज-मीटच्या बोर्डसाठी मदत हवी आहे

सुट्टीत बारा पाहुणे येणार आहेत आणि मी उत्साहाच्या भरात चीज-मीटचा मोठा बोर्ड (फळीवर मांडलेलं चीज आणि मीट) मांडते म्हणून सांगून बसले! ब्री, मुरलेलं चेडार, गौडा, थोडं ब्लू चीज. सोबत सलामी आणि प्रोश्युटो (मीठ लावून मुरवलेलं इटालियन हॅम). जेवणाआधीचं खाणं म्हणून माणशी ५०-६० ग्रॅम चीज आणि तेवढंच मीट पुरेल ना?

मागच्या वेळी ब्री फ्रिजमधून काढून थेट मांडलं, तर खडूसारखं घट्ट, बेचव. सलामीच्या कडा मात्र तासाभरात वाळून वर वळल्या. मग चीज तासभर आधी बाहेर आणि मीट अगदी शेवटी, असं करू का?

आणि प्रोश्युटोच्या त्या चिकट, पातळ चकत्या न फाटता सुट्या कशा करता? माझा दरवेळी लगदाच होतो.