मदत हवी आहे: कालवड तीन वर्षांची सांगून दिली, पण अंगच धरत नाही

माळव्यातली, ६ मार्च

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागणार आहे, कारण थोडक्यात विचारलं की सगळे "खायला घाला" एवढंच सांगतात.

आम्ही इंदूरचे. बाबा निवृत्त झाले आणि सांवेरकडच्या शेतावर गाय हवी म्हणून हटून बसले. आजोबांच्या दावणीला माळवी बैल होते, त्यामुळे हा हट्ट मोडणं कुणाच्याच हातात नव्हतं. दिवाळीनंतर ओळखीतून एक गिर कालवड घेतली. विकणारा छातीठोकपणे म्हणाला, "तीन साल की है, दो महीने में गाभन हो जाएगी."

चार महिने होत आले. माजाचं नाव नाही. पोट ढोलासारखं दिसतं, पण पाठीवरून हात फिरवला तर मणके एकेक मोजता येतात. शेजारचे काका म्हणतात, वय उलटून चाललंय, इंजेक्शन देऊन टाका. दूधवाला म्हणतो, अजून पोर आहे, थांबा. बाबांना दोघांचंही पटतं.

खाणं असं: सोयाबीनचा आणि गव्हाचा भुसा पोटभर, दोन वेळा मूठ-दोन मूठ चापड (तुमच्याकडचा गव्हाचा कोंडा), कधीमधी कपाशीची खली. बरसीम शेजाऱ्याने दिली तर.

वयाच्या मानाने वजन किती हवं, हे कळेल का? घरी काटा नाही. धर्मकाट्यावर न्यायची म्हणजे टेम्पो, दोन माणसं आणि बाबांचं ब्लडप्रेशर.

कडबाकुट्टी, ६ मार्च

काटा नको, शिंप्याची टेप पुरे. सकाळी वैरण-पाण्याआधी मोजा, नाहीतर पोटातला भुसाच मोजाल. चारही पाय सारखे टेकून उभी असू दे. पुढच्या पायांच्या लगेच मागून, वशिंडाच्या पाठीमागून टेप फिरवायची, हा छातीचा घेर. मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून शेपटीच्या बाजूला जे हाड वर येतं तिथपर्यंत लांबी. दोन्ही इंचात. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ६६०. उत्तर किलोत येतं. दहा-वीस किलो इकडेतिकडे होतात, पण दर वेळी त्याच पद्धतीने मोजलं तर वाढ बरोबर कळते.

साधाभोळा, ७ मार्च

आमच्या आजीचा उपाय: रोज गूळ आणि बाजरीची उकड. म्हैस आठवड्यात माजावर.

कडबाकुट्टी, ७ मार्च

@साधाभोळा, म्हैस आधीच येणार होती, श्रेय गुळाने घेतलं.

माळव्यातली, ८ मार्च

मोजली! मी टेप धरली, बाबांनी शिंगं. पहिल्यांदा तिने टेपच चघळली. तिसऱ्या खेपेला घेर ५४ इंच, लांबी ४८. म्हणजे २१२ किलो. चांगलं की वाईट?

निवृत्त_पशुवैद्य, ८ मार्च

ताई, ते वयावर आहे, आणि तुमच्या केसमध्ये नेमकं वयच संशयास्पद वाटतं.

गिरचं वासरू जन्मतः साधारण २२-२५ किलोचं. पूर्ण वाढलेली गाय पावणेचारशे-चारशेच्या आसपास. तुमची दोन वर्षांची असेल तर १९० किलो ७३० दिवसांत वाढली, म्हणजे रोज जेमतेम २६० ग्रॅम. देशी कालवडीला रोज ३००-४०० ग्रॅम वाढ मिळायला हवी. म्हणजे थोडी मागे आहे, पण हाताबाहेर गेलेली नाही. खरंच तीन वर्षांची असेल तर मात्र रोज पावणेदोनशे ग्रॅमही पडत नाहीत, मग ती खुंटलेली म्हणायची.

माजाचं म्हणाल तर जनावर कॅलेंडर बघत नाही, अंग बघतं. प्रौढ वजनाच्या निम्म्याच्या आसपास पोचली की पहिला माज येतो, पण भरवायची (वळू दाखवायचा किंवा रेतन करायचं) ६०-६५ टक्क्यांवर. तुमच्या हिशोबात हे साधारण २४०-२५० किलो. आधी इंजेक्शनने माजावर आणून भरवली तर विताना अडते, आणि पहिल्या वेतात दूध, स्वतःची वाढ आणि पुढचं गाभण या तिन्ही ओढाताणींत तिचाच बळी जातो. पहिलारू गाय विल्यावरही वाढतच असते, तिसऱ्या वेतापर्यंत. लोक हे विसरतात.

वाढीला एक क्रम असतो: आधी हाड, मग मांस, शेवटी चरबी. उपाशी राहिलं की आधी मागची दोन थांबतात, हाड रेटत राहतं. म्हणून कालवड उंच, लांब पण पाठ धारदार दिसते. पोट ढोलासारखं असणं हे निव्वळ भुसा आणि जंतांचं लक्षण. ढोल बघून "तब्येत चांगली आहे" म्हणणारे पुष्कळ भेटतात.

आधी शेण तपासून घ्या, मग जंताचं औषध, वजनाप्रमाणेच. महूला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तुम्हाला लांब नाही. आणि तिचं तोंड उघडून बघा. खालच्या पुढच्या दातांचा फोटो टाका.

गोऱ्हेवाला, ९ मार्च

डॉक्टर, मग भरपूर आंबोण घालून चार महिन्यांत २५० वर नेली तर?

निवृत्त_पशुवैद्य, ९ मार्च

घाई नको. वयात येण्याआधी कालवडीला फार पुष्ट केलं तर कासेत दूधग्रंथींच्या जागी चरबी बसते, आणि मग आयुष्यभर दूध कमी. रोज ४०० ग्रॅमपर्यंत वाढ झाली तर पुरे. तिला साधारण १२-१५ किलो हिरवा चारा, भुसा दोन-तीन किलोवर, दीड किलो आंबोण ज्यात पेंड आणि भरडा दोन्ही, आणि रोज ३०-४० ग्रॅम खनिज मिश्रण. कोंड्यात फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम फारच कमी, त्यामुळे निव्वळ चापडवर हाडं नीट होत नाहीत.

माळव्यातली, ९ मार्च

खली म्हणजे पेंडच ना? इथे खली म्हणतात, तुमच्याकडे पेंड, आणि बाबा दोन्ही बोलतात, त्यामुळे दुकानात दरवेळी गोंधळ.

तोंड उघडणं सोपं काम नव्हतं, बाबांच्या बोटाला लाळेची अंघोळ झाली. फोटो अंधुक आलाय, पण पुढचे आठही दात बारीक आणि पांढरे आहेत. एकही मोठा नाही.

निवृत्त_पशुवैद्य, १० मार्च

मग ती आदत आहे! दुधाचे दात सगळे शाबूत. देशी गुरांत मधली कायमची जोडी साधारण दोन-अडीच वर्षांत येते, त्याला दुसा म्हणतात. मग चौसा, मग सहादाती, आणि आठही बदलले की जुळली. तीन वर्षांची असती तर बहुधा एक जोडी तरी मोठी दिसली असती. विकणाऱ्याने वर्षभराची भर घातलेली दिसते, म्हणजे तुम्हाला वाटावं की घेतली आणि गाभण गेली. एक सांगतो, इंजेक्शनवाल्या काकांना हे दात दाखवा.

कडबाकुट्टी, १० मार्च

म्हणजे तिची तब्येत बरी आणि विकणाऱ्याची नियत वाईट. वाचनखूण साठवली.

माळव्यातली, १४ एप्रिल

अपडेट. शेणात जंतांची अंडी निघाली, औषध दिलं. बरसीम शेजाऱ्याकडे रीतसर लावून घेतली, रोज दोन पेंढ्या. खनिज मिश्रण पहिले चार दिवस गव्हाणीतच राहायचं, मग गुळाच्या पाण्यात कालवलं (साधाभोळा, गूळ कामी आला हो). आज सकाळी सात वाजता, पाण्याआधी मोजलं: घेर साडेपंचावन्न, लांबी ४८. म्हणजे २२४ किलो, ३७ दिवसांत १२ किलो. पाठीवरचे मणके अजून लागतात, पण आता बोट दाबावं लागतं.

बाबांनी गोठ्याच्या भिंतीवर खडूने आकडे लिहायला सुरुवात केली आहे, तारखेसकट, बँकेच्या पासबुकासारखे. २५० वर रेघ मारून ठेवली आहे. भर उन्हाळ्यात बरसीम संपली की काय घालायचं, हे विचारायचं होतं, तर कुणी सांगेल का? ज्वारीची चरी लावायची म्हटलं तर पाण्याची ओढ आहे.

आणि डॉक्टर, एक सांगायचं राहिलं. काल बाबा तोंड उघडून बसले होते (ती आता उघडू देते). खालच्या मधल्या दोन दातांपैकी एक हलतोय.