तुमच्यावर सगळ्यात जास्त प्रभाव कुणाचा? (आई-बाबा सोडून)

कुळागरातला:
नमस्कार मंडळी. परवा भाचीला कॉलेजात या विषयावर बोलायला सांगितलेलं, तिने नेटवरून एका मोठ्या माणसाचं चरित्र काढलं आणि पाठ केलं. मला ते काही पटलं नाही. एखाद्यामुळे आपण आजही काहीतरी वेगळं करतो, तो खरा प्रभाव असं मी धरतो. तर आई-बाबा सोडून सांगा, आणि नुसतं 'चांगले संस्कार केले' नको, नेमकं काय बदललं ते लिहा.

माझ्यापुरतं सांगतो. आमच्या गावात (गोव्यातला फोंडा तालुका) जत्रेला संगीत नाटक होतं, आपल्याकडे कितीतरी देवळांत होतं तसं, पात्रं सगळी गावचीच, कुणी बागायतदार, कुणी कदंब बसचा (गोव्याची सरकारी बस) कंडक्टर. तालीम मास्तर धंद्याने शिंपी. मी लहानपणी खूप अडखळायचो, शाळेत हजेरीला 'हजर' म्हणतानासुद्धा ततपप. तरी मास्तरांनी मला घेतलं. तालमीला ते स्टेजजवळ बसायचेच नाहीत, पार मागे जिथे जत्रेला खाज्यांची दुकानं लागतात तिथे जाऊन उभे राहायचे आणि वाक्य ऐकू आलं नाही की फक्त हात वर करायचे. ओरडणं नाही, रागावणं नाही, हात खाली येईपर्यंत तेच वाक्य परत. पहिल्या वर्षी मला द्वारपालाचं काम होतं, जेमतेम दोन ओळी, पण त्यासाठी गाणारी मोठी पात्रं ताटकळत बसवून ठेवायचे. आज मी वकिली करतो, कोर्टात बोलताना नजर अजून शेवटच्या बाकावर असते.

सांगेकरीण:
माझी आजी. मूळ कुर्डीची, म्हणजे गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं गाव. साळावली धरण झालं तेव्हा कुर्डी पाण्याखाली गेलं आणि लोकांना वालकिणी, वाडे इथे जागा दिल्या. मे महिन्यात पाणी उतरलं की गाव वर येतं, सोमेश्वराच्या देवळात उत्सव होतो, ख्रिस्ती लोक कपेलाकडे (छोट्या चर्चकडे) जमतात. आजी मला घेऊन जायची. चिखल सुकून भेगा पडलेल्या असायच्या, भिंती नाहीतच, नुसती चिऱ्यांची जोती, पण ती न थांबता सांगत चालायची, हे अमक्याचं अंगण, इथे आमची विहीर, इथून पाट वळायचा, या कोपऱ्यावर फणस. एकदा मी तिचं सांगणं ऐकून वहीत काढलं, तर तिने वही घेतली आणि पाट चुकलाय म्हणून खोडून नीट करायला लावला. मी सर्व्हेअर झाले ती तिच्यामुळेच. अजून कुठल्याही गावात गेले की आधी म्हाताऱ्या माणसांकडे बसते, वाटा, पाणी, वाड्यांची नावं विचारून घेते, मग मशीन लावते. बरोबरचे म्हणतात वेळ जातो. जाऊ दे.

पेडण्याची:
मी भाऊसाहेब बांदोडकरांचं नाव घेणार. भेटले नाही कधी, ते १९७३ ला गेले, माझा जन्म त्यानंतरचा. आणि दादा, मोठ्या माणसावर तुमची एवढी नाराजी मला नाही पटली. १९६३ ला ते गोव्याचे मुख्यमंत्री झाले आणि गावोगाव मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. त्याआधी आमच्या वाड्यावर शिकायचं म्हणजे ज्याची ऐपत त्याने घरी मास्तर ठेवायचा. आमची आई कुळाच्या, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याच्या घरातली, तिला कोण ठेवणार मास्तर? देवळाच्या अग्रशाळेत (भाविकांच्या उतरायच्या जागेत) वर्ग भरायला लागला, सावंतवाडीकडच्या एक बाई शिकवायला आल्या, आणि आई पाटी घेऊन गेली. चौथीपर्यंतच शिकली, पण पुढे १९६४ च्या कूळ कायद्याचे कागद घरात आले तेव्हा आजोबांना ते तिने वाचून दाखवले, दुसऱ्या कुणाच्या दारात जावं लागलं नाही. मी आज बँकेत आहे, कुणी अंगठा लावायला आलं तर फॉर्म भरून देऊन मोकळी होत नाही, त्यात काय लिहिलंय ते सगळं वाचून सांगते, रांग कितीही असो.

कुळागरातला:
ताई, मान्य. मला पाठ केलेलं नको होतं एवढंच, मोठ्या माणसाला ना नाही. तुमच्या आईचं ते कागद वाचणं मी भाचीला वाचून दाखवलं, ती आता आपल्या आजीला शाळेबद्दल विचारत बसलीय.

रानवाट:
आमचे थोरले काका. चतुर्थीच्या आधी आम्हा पोरांना सत्तरी तालुक्यातल्या रानात माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर फळं-फुलं बांधतात त्या चौकटीचं सामान आणायला न्यायचे. कवंडाळ, कांगलं, आंबाडे, आणि खाली कुळागरात (सुपारीच्या बागेत) आलो की सुपारीचे शिपटे. त्यांचा नियम कडक होता, वेल ओढायची नाही, फळापुरता देठ कोयत्याने कापायचा आणि एका वेलीवरचं सगळं काढायचं नाही, पुढच्या वर्षी पण चतुर्थी आहे. झाडाचं नाव विचारलं तर लगेच सांगायचे नाहीत, पान चुरडून हातात द्यायचे, वास घे, खालची बाजू बघ, मग बोलू. मी आता वनस्पतीशास्त्र शिकवतो, मुलांना रानात नेलं की पुस्तक आणि मोबाईल दोन्ही बॅगेत, आधी पान हातात.

पेडण्याची:
रानवाट दादा, कवंडाळ आता कुठे मिळेल? आमच्याकडची वेल रस्ता झाला त्यात गेली.

रानवाट:
म्हापशाच्या बाजारात चतुर्थीच्या आधी बायका माटोळीचं सामान घेऊन बसतात, सकाळी लवकर गेलात तर मिळेल. घरात लहान मूल असेल तर उंच बांधा, दिसायला लालभडक सुंदर असलं तरी ते खायचं फळ नव्हे. आणि एखादं पिकलेलं बियांसाठी ठेवा, पावसाच्या तोंडावर कुंपणाला टाकायच्या.