मदत हवी आहे: बाइकची सवय एटीव्हीवर नडतेय

नमस्कार मंडळी. पंधरा-सोळा वर्षं बाइक चालवतोय. दोन चाकांवर तोल सांभाळणाऱ्याला चार चाकं म्हणजे काय, अशा तोऱ्यात सेकंडहँड एटीव्ही (माळरानावर, चिखलात चालवायची हँडलवाली चारचाकी) घेतली. ७०० सीसी, फोर बाय फोर, वजन ३०० किलोच्या वर.

दुसऱ्याच दिवशी तोरा उतरला. माळावर डावीकडे वळताना आतलं चाक हलकं झालं आणि सवयीने डावा पाय खाली गेला. वेग माणसाच्या धावण्याइतकाच होता, पण मागचं चाक थेट टाचेवर चढलं. जाड बूट होते म्हणून सुजेवर निभावलं.

ही पाय टेकायची सवय मोडायची कशी? दुसरं म्हणजे, दचकलो की हँडल घट्ट धरतो आणि त्याच झटक्यात अंगठ्याचा थ्रॉटल (वेग वाढवायची कळ) दाबला जातो. त्यावर काही उपाय? आणि चौदा वर्षांचा भाचा मागे बसायचा हट्ट धरून बसलाय. सीट चांगली लांब आहे, चालेल का?

जुना_गिअर:
टाच वाचली, नशीब समजा. हे टायर रुंद आणि मऊ असतात, हवा साधारण ५ पीएसआय. समोर येईल त्यावर चढायचं हेच त्यांचं काम. दगड आणि तुमचा पाय यात त्यांना फरक कळत नाही. गाडी कितीही कलली तरी पाय फूटरेस्टवरच.

वळताना ती अडते का, ते बघा. बऱ्याच एटीव्हींची मागची दोन्ही चाकं एकाच अ‍ॅक्सलवर (चाकांच्या आडव्या दांड्यावर) जोडलेली, म्हणजे सारख्याच वेगाने फिरणारी. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, ते जमत नाही म्हणून गाडी सरळ रेटत राहते. म्हणून धड वळणाच्या आत झुकवायचं, पण भार बाहेरच्या फूटरेस्टवर द्यायचा. आतलं चाक थोडं घसरतं आणि गाडी वळते. बाइकवर वेगात डावीकडे जायला डावं हँडल पुढे ढकलता ना? ते इथे विसरा. जिकडे जायचं तिकडेच हँडल.

सपाट जागी लो गिअरमध्ये इंग्रजी आठच्या आकड्यात फिरवा. कंटाळा येईपर्यंत.

थ्रॉटलच्या डबीवर बहुधा एक स्क्रू असतो, तो आत फिरवला की अंगठा ठरावीक मर्यादेपुढे दाबलाच जात नाही. लाजू नका, लावा. फक्त तो लावून चढावर जाऊ नका, ताकद अर्ध्यात संपेल.

मूळ लेखक:
स्क्रू सापडला! आणि चढावर खरंच अर्ध्यात थांबली तर?

चिखलगाडा:
दोन्ही ब्रेक धरा, अंग पुढे झुकवा, पार्किंग ब्रेक लावा आणि चढाच्या वरच्या बाजूला उतरा. मागे घरंगळू लागली तर नुसता मागचा ब्रेक करकचून दाबू नका, पुढची चाकं उचलून गाडी तुमच्यावर उलटते. आणि हो, फवारणीची टाकी लावणार असाल तर अर्धवट भरून उतारावर नेऊ नका. पाणी हिंदकळलं की तोल जातो.

भाच्याला नाही म्हणा. सीट लांब असते ती चालवणाऱ्याला पुढे-मागे सरकता यावं म्हणून. दोघांसाठी मुद्दाम बनवलेली गाडी वेगळी असते. तुमच्या गाडीवरचं लेबल वाचा, मागे कोणाला बसवू नका आणि १६ वर्षांखालच्या मुलाच्या हातात देऊ नका, हे बहुतेक त्यावर छापलेलं असेल.

मूळ लेखक:
लेबल वाचलं. दोन्ही गोष्टी लिहिलेल्या आहेत, इतके दिवस चिखलाखाली होत्या. काल तासभर आठचा आकडा गिरवला. पाय तीनदा खाली निघाला, तिन्ही वेळा अडवला. हेल्मेट, गॉगल, बूट सगळं होतं. भाचा रुसलाय, पण त्याची आई खूश आहे.

अवांतर: मागच्या अ‍ॅक्सलला डिफरेन्शियल (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी यंत्रणा) आहे की नाही, हे गाडी न उघडता कसं ओळखायचं?

जुना_गिअर:
गिअर न्यूट्रलमध्ये टाका, मागची दोन्ही चाकं जमिनीवरून उचलून पक्की टेका द्या आणि एक चाक हाताने फिरवा. दुसरं त्याच दिशेने फिरलं तर अ‍ॅक्सल एकच. उलट फिरलं तर डिफरेन्शियल आहे. डिफरेन्शियल लॉकचं बटण असेल तर आधी ते बंद करा.