मदत हवी आहे : अनुदान समुद्रासाठीचं, काम नागपुरातलं, आणि परदेशी पैसे घ्यायची नोंदणी (एफसीआरए) नाही. काय करावं?

नमस्कार मंडळी,

जरा सविस्तर लिहिते. अर्धवट माहितीवर एकदा सल्ला घेऊन आम्ही फसलो आहोत.

आमची संस्था नागपूरची. धर्मादाय आयुक्तांकडे २०२१ साली नोंदली. सोळा-सतरा जण आहोत, पगारी कोणीच नाही. नाग नदीला आणि पिवळ्या नदीला येऊन मिळणाऱ्या नाल्यांच्या तोंडाशी आम्ही जाळ्या बांधतो. अडकलेला कचरा दर रविवारी काढतो, वाळवतो, वेगळा करतो, भंगारवाल्याच्या लटकत्या काट्यावर तोलतो आणि वहीत लिहून ठेवतो. तीन वर्षांच्या वह्या तयार आहेत.

त्या ढिगात सगळ्यात जास्त काय निघतं म्हणाल, तर खर्र्याची, म्हणजे घोटलेल्या सुपारी-तंबाखूची, प्लास्टिकची पन्नी. तळहाताएवढा तुकडा, घोटून घोटून पांढरट पडलेला, घडीत सुपारीचा चुरा चिकटलेला. काट्यावर तिचं वजन भरतच नाही, म्हणून त्या पन्न्या आम्ही एकेक करून मोजतो. एक बादली मोजायला दोघींना अख्खी सकाळ लागते.

नागपूरचा आणि समुद्राचा संबंध काय, हे आम्हाला नेहमी विचारतात. नाग कन्हानला मिळते, कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेत जाते, वैनगंगा आणि वर्धा मिळून प्राणहिता होते, ती सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून शहरात पाणी शिरलं, तेव्हा दोन दिवसांनी आम्ही पाहणीला गेलो होतो. पुलांच्या कठड्यांवर पन्न्या लोंबत होत्या. ज्या अडकल्या त्या दिसल्या. बाकीच्या गेल्या पुढे.

आता मुद्दा. श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्यावर कांदळवनांचं काम करणाऱ्या एका संस्थेशी ऑनलाइन प्रशिक्षणात ओळख झाली. एक परदेशी फाउंडेशन किनारा आणि सागरी पर्यावरणासाठी अनुदान देतंय, अट अशी की किमान दोन देशांतल्या संस्थांनी मिळून अर्ज करायचा. श्रीलंकेची संस्था मुख्य अर्जदार, आंध्रच्या किनाऱ्यावरची एक संस्था दुसरी आणि तिसरे आम्ही. आमच्या वाट्याला दोन वर्षांचे १८ लाख. अर्जाला सात आठवडे उरलेत.

आमच्याकडे एफसीआरए नोंदणी नाही. इथल्या एका सल्लागाराने १२ हजार घेऊन प्रस्ताव लिहून दिला. त्यात आमचे पैसे आंध्रच्या संस्थेच्या खात्यात येतील आणि ते आम्हाला वळते करतील असं म्हटलंय. आमच्या कोषाध्यक्ष काकू निवृत्त बँकवाल्या आहेत. त्यांनी कायदा काढून वाचला आणि म्हणाल्या, मी यावर सही करणार नाही.

त्यांचं बरोबर आहे का? असेल तर दुसरा सरळ मार्ग कोणता? सात आठवड्यांत काय होऊ शकतं? आणि समुद्रापासून इतकं दूर असलेल्या संस्थेचा अर्ज मुळात टिकेल का? कोणी असा अर्ज केला असेल तर कृपया सांगा. वाकडी वाट नको आहे. या वह्या वाया जाऊ नयेत एवढंच वाटतं.

— नागकाठ

प्रतिसाद : जमाखर्च

काकूंना माझा नमस्कार सांगा. त्यांनी तुमची संस्था वाचवली.

२०२० च्या दुरुस्तीनंतर एफसीआरए कायद्याच्या कलम ७ प्रमाणे परदेशी अंशदान (देणगी, अनुदान) एका संस्थेने दुसऱ्या संस्थेला देणं बंद आहे. तुमच्याकडे नोंदणी असती तरीही आंध्रची संस्था ते तुम्हाला देऊ शकली नसती. पूर्वी मोठी संस्था पैसे घेऊन लहानांना वाटायची, ती सोय आता राहिली नाही. तुमच्या सल्लागाराने बहुतेक जुनाच मसुदा उचलला असावा.

नियमित नोंदणी तुम्हाला आज मिळणार नाही असं दिसतं. संस्थेला तीन वर्षं झालेली असावी लागतात, ती झालीत. पण त्या तीन वर्षांत मूळ कामावर १५ लाख खर्चही झालेला लागतो. तुम्ही सगळे बिनपगारी, म्हणजे तेवढा आकडा होणं कठीण.

तुमच्यासाठी आहे ती पूर्वपरवानगी. फॉर्म एफसी-३बी. ती ठरावीक देणगीदार, ठरावीक रक्कम आणि ठरावीक कामापुरती मिळते. देणगीदाराचं लेखी आश्वासनपत्र, प्रकल्पाचा आराखडा, पदाधिकाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं आणि नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा क्रमांक लागतो. खातं स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतच हवं. त्यासाठी दिल्लीला जावं लागत नाही, नागपूरच्या शाखेतून कागद जातात. कायदा साधारण ९० दिवसांत निर्णय म्हणतो, पण प्रश्न विचारले गेले की वेळ लागतो. म्हणजे सात आठवड्यांत परवानगी येणार नाही. पण सात आठवड्यांत तुम्हाला फक्त अर्ज करायचा आहे. 'भारतातील भागीदाराचा हप्ता पूर्वपरवानगी मिळाल्यावरच' असं वाक्य करारात घालून घ्या. परवानगीआधी एक रुपयाही खात्यात येऊ देऊ नका.

एक खुलासा. पैसे फाउंडेशनने थेट दिले काय किंवा श्रीलंकेच्या संस्थेमार्फत आले काय, दोन्ही परदेशी अंशदानच. मग आश्वासनपत्र नक्की कोणाचं, ते आधी ठरवा. प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत ठेवा आणि अंदाजपत्रकातच तसं दाखवा.

सेवेचं बिल लावून पैसे घ्या असंही कोणी सुचवेल. धंदा म्हणून दिलेल्या सेवेचं शुल्क अंशदानात धरत नाहीत हे खरं, पण तुमचा तो धंदा नाही. अनुदानाला बिलाचा वेष देऊ नका.

प्रतिसाद : गोदाकाठ

मी मूळची वर्ध्याची, आता कामानिमित्त काकीनाड्याला. इथून कोरिंगाची कांदळवनं जवळ आहेत. तिथल्या मुळांत अडकलेला कचरा मी पाहिलाय, त्यामुळे तुमचं लिहिणं आतवर पोचलं.

पण तपासणारा माणूस पहिला प्रश्न गोसीखुर्दचा विचारेल. मधे वैनगंगेवर एवढं मोठं धरण आहे, पुढे गोदावरीवर मेडिगड्डा बंधारा आहे. नागपूरची पन्नी समुद्रात पोचते याला पुरावा काय? तुमच्याकडे तो नाही, आणि 'आम्ही समुद्रात जाणारं प्लास्टिक थांबवतो' असं लिहिलंत तर अर्ज तिथेच पडेल. त्यापेक्षा खरं आहे ते लिहा. आम्ही उगमाजवळ अडवतो, काय अडवलं याची तीन वर्षांची नोंद आहे, धरणात किती साचतं आणि पुढे किती जातं हे आम्हाला शोधायचंय. किनाऱ्यावरच्या संस्थांना हेच जमत नाही. त्यांच्याकडे येतो तो फाटून, झिजून ओळख हरवलेला तुकडा. तुमच्याकडे त्याचं नाव-गाव आहे.

सीमापार भाग पैशांच्या वाटणीत शोधू नका, पद्धतीत शोधा. तुम्ही, आंध्र आणि श्रीलंका यांनी एकाच तक्त्यावर, त्याच वर्गवारीने, त्याच महिन्यांत मोजायचं. पन्नीला स्वतंत्र रकाना ठेवा.

समुद्राच्या पैशात नदीला जागा आहेच. जागतिक बँकेने ५ कोटी डॉलर दिलेला दक्षिण आशियाचा प्रकल्पच बघा, कोलंबोच्या सासेप या आंतरसरकारी संस्थेकडचा. त्याच्या नावातच 'प्लास्टिकमुक्त नद्या आणि समुद्र' आहे, नद्या आधी. तुमच्या प्रस्तावात हा दाखला द्या.

प्रतिसाद : जमाखर्च

ताईंनी जागतिक बँक काढली म्हणून आठवलं. संयुक्त राष्ट्रांच्या संस्था आणि जागतिक बँक यांना कायद्याने 'परदेशी स्रोत' या व्याख्येतून वगळलंय. जागतिक पर्यावरण निधीची छोट्या अनुदानांची योजना १९९२ पासून संयुक्त राष्ट्रांच्या यूएनडीपी या संस्थेमार्फत चालते, त्यात अगदी गावपातळीच्या संस्था बसतात. हा अर्ज हुकला तर तिकडे बघा. पैसे कोणाच्या खात्यातून येणार हे मात्र लेखी विचारून घ्या.

प्रतिसाद : आंभोरा

मी कुही तालुक्यातला. आमच्याकडचे ढिवर बांधव धरणाच्या पाण्यात जाळं टाकतात, त्यात मासोळीआधी पन्नी येते. जाळं झटकून झटकून हात दुखतात त्यांचे. ताई, तुमच्या कामात त्यांना घ्या. धरणात काय साचतं ते मोजायला वेगळी होडी लागणार नाही, ते रोज पाण्यातच असतात. पण त्यांच्या वेळेचे पैसे अंदाजपत्रकात धरा. फुकट नका मागू.

नागकाठ :

तिघांचेही मनापासून आभार. काल रात्री काकूंच्या घरी बसून सगळं वाचलं.

ठरलं ते असं. सल्लागाराचा मसुदा बाजूला ठेवला. आंध्रच्या संस्थेला फोन केला, पैसे वळवायची कल्पना त्यांनाही कोणी सांगितलेली नव्हती. आमचा वाटा १८ लाखांवरून ११ वर आणतोय, कारण पहिलं वर्ष मोजणीचं आणि ते आम्ही जवळजवळ चालवतोच आहोत. उरलेल्यात सगळ्यात मोठी रक्कम ढिवर बांधवांच्या मजुरीची. ते लिहायचं आमच्या डोक्यातच आलं नव्हतं, याचं वाईट वाटलं. येत्या रविवारी आंभोऱ्याला येतोय, दादा, भेटाल का?

दर्पणचा क्रमांक आहे. खात्याचे कागद सोमवारी नेतो.

एकच प्रश्न उरला. श्रीलंकेची संस्था म्हणते, आश्वासनपत्र त्या देतील, कारण करार त्यांचा आणि फाउंडेशनचा आहे. मग एफसी-३बी मध्ये देणगीदार म्हणून त्यांचंच नाव टाकायचं ना? आणि मूळ पैसे फाउंडेशनचे आहेत हे आराखड्यात वेगळं सांगायचं का? ज्यांनी दोन पायऱ्यांनी येणाऱ्या पैशांसाठी पूर्वपरवानगी घेतली आहे, त्यांनी कृपया लिहा. नमुना मिळाला तर फारच बरं, नावं खोडून दिलात तरी चालेल.