कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरची एमईएम डिग्री आणि जनआरोग्य योजनेचं बिल, कुणाला माहितीये का?

द्राक्षवाला_तासगाव
नमस्कार मंडळी. मागच्या गुरुवारी रात्री दीडला बाबांच्या छातीत दुखायला लागलं, दरदरून घाम, मी म्हणलं अॅसिडिटी असेल, आई म्हणाली गप गाडी काढ. ज्या हॉस्पिटलच्या गेटवर महात्मा फुले जनआरोग्य योजनेचा बोर्ड आहे तिथंच नेलं. कॅज्युअल्टीत एक तरुण डॉक्टर होते, त्यांनी लगेच ईसीजी काढला, गोळ्या चघळायला दिल्या आणि कार्डिओलॉजिस्टना घरून बोलावून घेतलं. पहाटे अँजिओप्लास्टी झाली. बाबा आता पेज खातायत आणि चिडचिड करतायत, म्हणजे बरे आहेत.
घोळ बिलाचा आहे. काउंटरवरचा म्हणाला आरोग्यमित्र (हॉस्पिटलात योजनेचं काम बघणारा माणूस) सकाळी येतो, आत्ता 40,000 डिपॉझिट भरा, मेव्हण्याकडून मागवून भरले. सकाळी केशरी रेशनकार्ड आणि आधार दाखवून योजनेत नाव लागलं पण डिस्चार्जच्या वेळी डिपॉझिटमधले 6,500 'इमर्जन्सी फिजिशियन चार्जेस' म्हणून कापले, बाकीचे दिले. का विचारलं तर म्हणे ते डॉक्टर योजनेच्या यादीत नाहीत. त्यांच्या शिक्क्यावर एमबीबीएस, एमईएम असं आहे. ही डिग्री खरी असते का? आणि यादीत नसलेल्या डॉक्टरचे पैसे आपण द्यायचे असतात का?

रात्रपाळी
मी स्वतः इमर्जन्सीतच काम करते. एमईएम म्हणजे मास्टर्स इन इमर्जन्सी मेडिसिन, मोठ्या खाजगी हॉस्पिटलांत चालणारा तीन वर्षांचा कोर्स, बऱ्याच ठिकाणी अमेरिकेतल्या युनिव्हर्सिटीशी जोडलेला. बोगस नाही, शिकवतात चांगलं, पण आपल्याकडे पीजी म्हणून मान्यता नाही, त्यामुळे कौन्सिलच्या रजिस्टरवर ते डॉक्टर एमबीबीएसच दिसणार. मान्यता आहे ती एमडी इमर्जन्सी मेडिसिन किंवा डीएनबीला. हा विषय आपल्याकडे वेगळी शाखा म्हणून मान्य झालाच 2009 मध्ये, म्हणून एमडीवाले अजून कमी. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या साइटवर रजिस्ट्रेशन नंबर टाकून बघा.
खरं सांगू, कित्येक कॅज्युअल्टीत रात्री एमबीबीएससुद्धा नसतो. तुम्हाला ज्यांनी बघितलं त्यांनी वेळ घालवला नाही, त्यांच्यावर राग काढू नका.

जुना_आरोग्यमित्र
दादा, डिग्रीच्या मागं लागू नका, ती पळवाट आहे. योजनेत डॉक्टरचं वेगळं बिल नसतंच. हॉस्पिटलला पॅकेज मिळतं, त्यात बेड, नर्सिंग, डॉक्टरांची फी, तपासण्या, औषधं, जेवण, अगदी परतीचं गाडीभाडं सगळं धरलेलं असतं, डिस्चार्जनंतर दहा दिवसांची औषधंसुद्धा. यादी असते ती स्पेशालिस्टची, म्हणजे अँजिओप्लास्टीला कार्डिओलॉजिस्ट लागतो, तो होता ना? झालं तर मग. कॅज्युअल्टीचा डॉक्टर हा हॉस्पिटलचा नोकर, त्याचा पगार हॉस्पिटलनं बघायचा.
दुसरं, आरोग्यमित्र सकाळी येतो हे कारण चालत नाही. इमर्जन्सीत हॉस्पिटलनं फोनवरून कळवून परवानगी घ्यायची सोय आहे, तिला आम्ही ईटीआय म्हणायचो, कागदपत्रं 72 तासांत दिली तरी चालतात. काउंटरवाल्याला हे माहीत असतं, तो तुमचा चेहरा बघून बोलतो.
155388 वर किंवा 1800-233-2200 वर तक्रार करा आणि जिल्हा समन्वयकाला लेखी द्या. डिपॉझिटची पावती आहे का? तिच्यावर वेळ छापलीय का ते बघा, योजनेच्या रुग्णाकडून पैसे कधी घेतले हे त्यातच दिसतं.

पुणेरी_खडूस
पिवळं केशरी असेल तर ठीक, आमचं पांढरं कार्ड, आम्ही फक्त टॅक्स भरायचा.

जुना_आरोग्यमित्र
काका, 1 जुलै 2024 पासून पांढरं कार्डही चालतं, कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत. पूर्वी दीड लाख होतं. फक्त हॉस्पिटल योजनेतलं पाहिजे आणि तो आजार यादीत पाहिजे, साध्या ओपीडीला नाही.

पुणेरी_खडूस
बरं. हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

रात्रपाळी
कुणी सांगत नाही काका, म्हणून तर रात्री दोन वाजता माझ्यासमोर लोक सोनं गहाण ठेवायच्या गोष्टी करतात. आणि ज्यांना वाटतं पैसे नाहीत तर हात लावत नाहीत, त्यांनी लक्षात ठेवा, 1989 च्या परमानंद कटारा केसमध्ये सुप्रीम कोर्टानं सांगून ठेवलंय, आधी जीव वाचवायचा, कागद नंतर.

द्राक्षवाला_तासगाव
सगळ्यांचे आभार. काल 155388 वर तक्रार नोंदवली. आज सकाळी हॉस्पिटलमधून फोन, 'तुमचा काहीतरी गैरसमज झालाय, येऊन भेटा'. मी म्हणलं फोनवर नको, लेखी द्या. पावती दोन दिवस सापडत नव्हती, शेवटी पेजेच्या डब्याच्या पिशवीत निघाली. हळदीचा डाग पडलाय पण वेळ नीट वाचता येतेय, 2:10.