लांब पल्ल्यासाठी रिकंबंट की नेहमीची सायकल? (नागपूर)

वर्धारोड_रायडर:
२००-३०० किमीच्या ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब राइड, शर्यत नव्हे) करायच्या असतील तर रिकंबंटच, म्हणजे मागे रेलून, पाय पुढे करून चालवायची सायकलच घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. वजन पाठभर पसरतं, त्यामुळे मनगटं सुन्न पडत नाहीत, मान आखडत नाही, बूड सोलत नाही. पाय पुढे पसरले की वारा अडवणारं अंगही कमी होतं. वर्धा रोडवर समोरून वारा असला की हा फरक लगेच कळतो. १९३३ मध्ये फ्रेंच सायकलपटू फ्रान्सिस फॉरनं अशाच सायकलवर तासाभरात ४५.०५५ किमी कापून विक्रम मोडला, आणि १९३४ मध्ये यूसीआय या सायकलिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं तिला शर्यतीतूनच बाद केलं. ब्रेव्हेत मात्र ती चालते.

चेनगार्ड:
सपाट हायवेपुरतं मान्य. सेमिनरी हिल्सच्या चढावर काय करणार? उभं राहून पॅडल मारता येत नाही. गिअर चढ लागायच्या आधीच हलका केला नाही, तर वेग पडतो आणि हँडल डुलायला लागतं. शिवाय आपले सिमेंटचे रस्ते! साध्या सायकलवर सांधा आला की बूड उचलून धक्का पायांवर घेता येतो. इथे तो थेट पाठीत बसतो, आणि पुढचं २० इंची चाक फटीत जास्तच आपटतं.

फुटाळा_पहाट:
मे महिन्याचं कोणीच बोललं नाही. ४५ अंशांत फोमची सीट म्हणजे पाठीला घामाची पट्टी. जाळीचीच सीट घ्या. ऊन सरळ तोंडावर आणि नडग्यांवर येतं, म्हणून हेल्मेटला पुढची झडप हवीच.

स्पोक_नागपूर:
घेणाऱ्यानं दोन गोष्टी आधी तपासा.

चेन साध्या सायकलच्या अडीच-तीन पट लांब असते. दोन-तीन चेन जोडून बनवावी लागते. पायांच्या मापासाठी पुढचा बूम (पॅडल बसवलेली नळी) १ सेंमी सरकवला की चेन साधारण २ सेंमी कमी-जास्त करावी लागते. बूमचा क्लॅम्प सैल राहिला तर जोरात पॅडल मारताना बूम फिरतो आणि चेन आयडलरवरून (चेनला दिशा देणाऱ्या चकतीवरून) उतरते.

टायर: ४०६ आणि ४५१ (रिमचं मिमीतलं माप), दोन्ही '२० इंची' म्हणूनच विकले जातात, पण एकाच्या रिमवर दुसरा बसत नाही. टायरच्या कडेवरचा आकडा वाचा. ४०६ बीएमएक्सचं माप आहे, सहज मिळतं.

वर्धारोड_रायडर:
@चेनगार्ड, हँडल डुलणं सरावानं जातं. रिकामं मैदान गाठा. हलका गिअर, एक पॅडल वर, पाठ सीटला टेकलेली, हात सैल. पहिला दाब पूर्ण द्या, मग दुसरा पाय उचला. हँडल घट्ट आवळलं की तोल जातो. सांध्यांसाठी रुंद टायर लावा आणि हवा थोडी कमी ठेवा.

चेनगार्ड:
मैदानात जमेल हो, पण सीताबर्डीच्या गर्दीत बसच्या ड्रायव्हरला तुम्ही दिसणार कसे? सायकलच्या मागे काठीवर लावलेला झेंडा दिवसा कामाचा. ब्रेव्हे रात्रीही चालते, आणि मागचा दिवा सीटच्या अगदी वरच्या कडेला लावला तरी साध्या सायकलस्वाराच्या पाठीएवढी उंची मिळत नाही. रिफ्लेक्टरचं जाकीटही सीटमागे झाकलं जातं. शहरातून निघायचं असेल तर मी साधीच घ्यायला सांगेन.