विषय: भाड्याचं मशीन आणण्याआधी डेकचं वय बघा

प्रेषक: ओहायो
नमस्कार मंडळी,
गेल्या आठवड्यात इथेच कुणीतरी लिहिलं होतं: डेक (घराबाहेरचा लाकडी ओटा) काळवंडला असेल तर जोरदार धारेने धुणारं ३००० पीएसआयचं (पीएसआय म्हणजे दाबाचं माप) मशीन भाड्याने आणा, लाल नोझल लावा, वरून क्लोरीन ब्लीच ओता, वर्षभर शेवाळ फिरकणार नाही. शनिवारी मशीन आणायचा विचार आहे. घर १९९८ मधलं, डेकही तेव्हाचाच. कुणी करून बघितलंय का?

प्रेषक: मंगळवार पेठ, कोल्हापूर
दादा, मशीन आणू नका.

मी सध्या आईकडे आले आहे. इथे उद्यमनगरात वॉशिंग सेंटरवर ट्रकच्या चाकातला चिखल असल्याच मशीनने उडवतात. पत्र्याला ते सोसतं, लाकडाला नाही. माझे वडील सुतार. रंधा लावण्याआधी फळीवर हात फिरवून रेषा कुठल्या अंगाला जातात ते बघायचे. उलटा रंधा मारला की फळी उसवते म्हणायचे. पाण्याच्या धारेचंही तेच. रेषांमधला मऊ भाग आधी उडून जातो, कडक भाग वर राहतो. वरचा करडा थर म्हणजे नुसती घाण नव्हे. उन्हाने लाकडाचे तंतू धरून ठेवणारं लिग्निन मोडतं आणि तंतू सुटे होतात, त्यांचा तो रंग. धार तो थर सोलून काढते, म्हणून डेक नवा दिसतो.

आमचा सीडरचा डेक आम्ही एका माणसाकडून असाच धुऊन घेतला होता. त्या दिवशी इतका सुंदर दिसला की मी फोटो काढून आईला पाठवले. पंधरा दिवसांत धाकटीच्या तळपायात कुसळं. अख्खा डेक घासून काढावा लागला. त्या माणसाने एकदाही लाकूड कुठलं हे विचारलं नव्हतं, आणि मीही विचारायला सांगितलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

पाइन, सीडरसारखं मऊ लाकूड असेल तर ५०० ते ६०० पीएसआय पुरे. कडक लाकडालाही १५०० च्या वर जाऊ नये. नोझल पांढरं, धार ४० अंशांत पसरवणारं. दोन फुटांवरून सुरू करा, एक फुटाच्या आत येऊ नका, रेषांच्या दिशेनेच हात चालवा, आणि आधी कोपऱ्यातली एखादी फळी धुऊन बघा. लाल नोझल शून्य अंशांचं, म्हणजे धार न पसरवणारं, लाकडाला कधीच नको. ती धार कातडी भेदून आत जाते. जखम टाचणीएवढी दिसते, पण थेट हॉस्पिटल गाठावं लागतं, बऱ्याचदा ऑपरेशन होतं. क्लोरीन ब्लीच लिग्निन खातं, स्क्रू गंजवतं. नव्या लाकडावर सोडियम परकार्बोनेट (क्लोरीन नसलेली ब्लीच पावडर) बरं.

पण तुमच्या डेकसाठी हे सगळं बाजूलाच ठेवा. २००३ अखेरपर्यंत अमेरिकेत डेकच्या लाकडात क्रोमियम, तांबं आणि आर्सेनिक मुरवलेलं सर्रास असायचं. १९९८ चा डेक बहुधा त्यातलाच. त्यावर धार मारू नका, पॉलिश पेपरने घासू नका, जुन्या फळ्या जाळू नका. ब्लीचच काय, परकार्बोनेट किंवा ऑक्झॅलिक ॲसिडनेही त्यातली विषारी द्रव्यं सुटू शकतात. साबणाचं पाणी आणि मऊ ब्रश, एवढंच.

प्रेषक: राजारामपुरी, कोल्हापूर (मे अखेरपर्यंत)
तो सल्ला माझा होता. मी काँक्रीटचा ड्राइव्हवे तसा धुतला होता, त्यावरून लाकडाचंही लिहून टाकलं. ताई म्हणतात ते बरोबर आहे. कृपया कुणीही तसं करू नका. ज्यांनी माझा मेल पुढे पाठवला असेल त्यांनी हाही पाठवावा.

प्रेषक: ओहायो
मशीन रद्द केलं. ताई, एक विचारू? हिने डेकच्या कडेलाच मेथी-कोथिंबिरीचा वाफा केलाय.

प्रेषक: मंगळवार पेठ, कोल्हापूर
ती भाजी खाऊ नका. पावसाबरोबर आर्सेनिक खालच्या मातीत उतरतं. वाफा लांब हलवा, माती नवी घाला. मुलं डेकवर खेळत असतील तर आत आल्यावर हात धुवायला लावा.